चाचणीची पट्टी

७ फेब्रुवारी, मंगळवार

ठमे,

या नावाने तुला आता कोणी हाक मारत नसेल. मी मारतो आहे. आवडलं नाही तर पत्र इथेच मिटून ठेव. पत्ता मावशीने दिला. तिच्यावर रागावू नकोस, तीन महिने मी तिच्या मागे टुमणं लावलं होतं, शेवटी ती वैतागली.

मी बरा आहे. गुडघे कुरकुरतात आणि भिंगाशिवाय सुईत दोरा जात नाही. दुकान चालू आहे. घरी शिवणाऱ्या बायका कमी झाल्या, पण ज्या उरल्या त्यांची मशीनं माझ्याच वयाची आहेत, त्यामुळे आमचं एकमेकांना बरं समजतं.

आता आडवळणं पुरे. तुझा दादा सुटला. पाच महिने झाले. चौदा वर्षं आत काढून आता अटींवर बाहेर आहे, आणि मी त्याला जामीन राहिलो आहे. म्हणजे तो माझ्या घरात राहणार, माझ्या दुकानात काम करणार आणि त्याच्या वागण्याचा जाब मला विचारणार. संध्याकाळी सातच्या आत घरात. दर मंगळवारी देखरेख कार्यालयात हजेरी. शहराची हद्द ओलांडायची नाही. आणि तुझ्या वाटेला जायचं नाही: भेट नाही, फोन नाही, चिठ्ठी नाही, कुणाकरवी निरोपसुद्धा नाही. ही शेवटची अट बाईंनी आम्हा दोघांना दोनदा वाचून दाखवली.

बाई म्हणजे देखरेखीच्या अधिकारी. तुझ्याच वयाच्या असतील. पहिल्यांदा आल्या त्या न सांगताच. गादी उचलून पाहिली, माळ्यावर डोकावल्या, मग दुकानात येऊन म्हणाल्या, "आजोबा, धारदार वस्तू किती आहेत?" मी म्हटलं, "बाई, शिलाई मशीनचं दुकान हे. कात्र्याच एकोणीस आहेत. सुया मोजायच्या असतील तर डबा घेऊन बसा." हसल्या नाहीत, पण लिहिताना पेन जरा अडखळलं. टेबलाचा खालचा खण ओढून पाहिला. "हा उघडत नाही?" म्हटलं, "किल्ली हरवली, कितीतरी वर्षं झाली." "नवी करून घ्या," म्हणाल्या. मी हो हो म्हटलं.

तो कसा आहे, असं तू विचारणार नाहीस. तरी एक सांगतो. दार उघडं असलं तरी तो दारापाशी येऊन थांबतो, कुणी 'जा' म्हणेपर्यंत. सकाळपासून माझं 'जा, जा' चालू असतं. शेजाऱ्यांना वाटतं म्हातारा मांजर हाकलतोय.

आता मुद्द्याचं. तुझ्या आईचं मशीन दुरुस्त झालं. इतकी वर्षं माळ्यावर पडून होतं. शटल गंजलं होतं, पट्टा कुजून हातात आला. सगळं नवं घातलं. ते तुझं आहे, हवं तेव्हा ने. आपल्या दुकानाची रीत तुला ठाऊक आहे. दुरुस्त झालेल्या मशीनवर पांढऱ्या कापडाच्या पट्टीवर एक सरळ टीप मारायची आणि ती पट्टी मालकाला द्यायची, म्हणजे त्याने नख फिरवून पाहावं, टाका कसा बसलाय ते. तुझी पट्टी सोबत ठेवली आहे.

अटी त्याला आहेत. मी तर बाप आहे.

बाबा


५ मार्च, रविवार

ठमे,

उत्तर आलं नाही. येईल असं धरून चाललोही नव्हतो. तरी पोस्टमन दुकानावरून पुढे गेला की हातातला स्क्रू खाली पडतो आणि मग दोघं मिळून टेबलाखाली शोधतो.

काल एक गिऱ्हाईक बाई मशीन न्यायला आल्या. तुझा दादा पट्टा चढवत होता. त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हा तोच ना?"

"तोच."

"आणि माझं मशीन यानं उघडलं?"

"उघडलं, पुसलं, तेल घातलं आणि तुम्ही मागच्या वर्षी आत पाडलेली टाचणी काढली."

"मला तसंच द्या. अर्धं असलं तरी चालेल."

तो उठला. हातातला पाना आधी खाली ठेवला, मग त्यांच्या वाटेतून बाजूला झाला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तुरुंगात बाहेरचं कोणी आलं की तसं उभं करतात म्हणे. गिऱ्हाईक बाईंनी ते पाहिलं. दारापर्यंत गेल्या, थांबल्या, म्हणाल्या, "पट्टा तेवढा चढवून द्या." पण तो माझ्या हातून चढवून घेतला, त्याच्या नाही. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्याही घरी माणसं असतील.

तू माझं अक्षर ओळखतेस तसं माझं घुटमळणंही ओळखतेस, तेव्हा सांगून टाकतो. सप्टेंबरात त्याला सुटून वर्ष होईल. मग समिती बसेल आणि ठरवेल की त्याने बाहेर राहायचं की उरलेली शिक्षा आत भोगायची. त्याआधी तुला कार्यालयातून कागद येईल. मृताच्या पत्नीचं म्हणणं विचारतात आणि त्याला वजन असतं. तू दोनच शब्द लिही: हरकत नाही. त्याला माफ कर असं मी म्हणत नाही. मी सत्त्याहत्तरचा आहे, घरात दुसऱ्या माणसाच्या खोकल्याचा आवाज असला की बरं वाटतं, एवढंच.

पट्टी मिळाली का? टाका कसा वाटला?

बाबा


२१ मार्च, मंगळवार

ठमे,

हे पत्र टपालाने आलेलं नाही, बाईंच्या हातून आलं आहे. तसं का, ते वाच.

आज दुपारी त्या दुकानात आल्या आणि टेबलावर ती पट्टी ठेवली. तू कार्यालयात पाठवलीस. सोबत एक ओळही नाही, नुसती पट्टी.

"ही कुणी शिवली?"

मी म्हटलं, "मी."

"आजोबा, तुम्हाला सुईत दोरा ओवायला भिंग लागतं."

"भिंग लावूनच शिवली."

"एवढी सरळ?"

"हात बसलेला आहे, बाई. पन्नास वर्षांचा हात आहे."

तेवढ्यात तो मागच्या खोलीतून आला. दारात थांबला. कुणी 'ये' म्हटलं नाही, तरी आत आला. सुटल्यापासून पहिल्यांदाच. म्हणाला, "बाई, मी शिवली. कुणाला जाणार ते मला ठाऊक नव्हतं. टोकाला तीन उलटे टाके घ्यायची सवय माझी. तिला ओळखू आली असेल."

बाई बराच वेळ लिहीत होत्या. मग म्हणाल्या, "तुम्हाला ठाऊक नव्हतं, हे मी लिहीन. पट्टी गेली, हेही लिहीन." आणि माझ्याकडे वळून, "तुम्ही माझ्याशी खोटं बोललात, तेही लिहावं लागेल."

त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. त्यांनी समजावून सांगितलं: तुमच्या लेकीला लिहायला मी तुम्हाला बंदी करू शकत नाही, पण त्याच्याविषयी लिहायचं असेल तर पत्र माझ्याकडे द्या. मी त्यांना विचारीन. नको म्हणाल्या तर परत आणून देईन. आता समिती सप्टेंबरची वाट पाहणार नाही, जूनमध्येच बसेल. तोवर त्याने दुकान आणि कार्यालय सोडून कुठेही जायचं नाही.

बाई गेल्यावर तो मला म्हणाला, "बाबा, पट्टी कोणत्या मशीनची म्हणून लिहिलंत तिला?"

"आईच्या."

तो खाली फरशीवरच बसला. "त्या मशीनची? बाबा, पाकीट उघडून तिनं काय बघायचं होतं?"

मी खरंच एवढंच पाहिलं होतं, की मशीन दुरुस्त झालं, मालकाला कळवायला हवं. त्या मशीनवरून काय झालं ते मी सांडलेल्या तेलासारखं पुसून टाकलं होतं आणि जागा स्वच्छ झाली असं धरून चाललो होतो.

आणि बाईंपुढे माझी जीभ पुन्हा घसरली. 'पुन्हा' का म्हणतो, ते तुला सांगायला नको.

बाबा


९ एप्रिल, रविवार

ठमे,

बाईंनी सांगितलं, तू पत्र घ्यायला हो म्हणालीस. वाचतेस का, ते विचारू नका असंही सांगितलं. विचारत नाही.

मी कुणाला नाही म्हणू शकत नाही, ही माझी खोड तुझी आई सगळ्यांना हसत सांगायची. हसण्यासारखी नव्हती ती. तू बाळंत झालीस तेव्हा मी तुला म्हटलं होतं, आईचं मशीन तू घेऊन जा. महिनाभराने तुझा दादा म्हणाला, आईचं मशीन दुकानातून हलता कामा नये. त्यालाही म्हटलं, नाही रे, कशाला हलेल. दोघांचेही चेहरे खुलले आणि मला वाटलं, निभलं.

मग जावईबापू मशीन न्यायला आले. ते म्हणाले, बाबांनी दिलंय. हा म्हणाला, बाबांनी मला शब्द दिलाय. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. त्या वेळी मी एक वाक्य बोलायला हवं होतं, कोणतंही. मी म्हणालो, "आधी चहा घेऊ," आणि चहा सांगायला बाहेर पडलो. समोरचा चहावाला मोकळाच होता. तरी मी तिथे उभा राहून त्याच्या पोराबाळांची चौकशी केली. मला वाटलं, मी परत जाईपर्यंत आपापसात मिटवतील.

परत आलो तेव्हा मिटलं होतं.

एकदा नव्हे, त्याने पाना दोनदा मारला. दुसरा घाव कशासाठी, ते त्याला आजही सांगता येत नाही. तो सबबही शोधत नाही.

पुढचं तुझ्यासमोरच झालं. वकील मला म्हणाला, म्हातारबुवा, मशीनवरून खून झाला म्हटलं तर कोर्ट दया दाखवणार नाही, काहीतरी कारण लागेल. मी कारण दिलं. जावई लेकीला मारायचा, मी तिच्या अंगावर वळ पाहिलेत, भावाला ते सहन झालं नाही. तू मागच्या बाकावर बसली होतीस, मांडीवर पोर घेऊन. तू उभी राहून खोटं आहे म्हणालीस, तर वकील म्हणाला, बिचारी घाबरलेली आहे. सगळ्यांनी तुझ्याकडे कणवेने पाहिलं. मीसुद्धा.

वळ नव्हते. कधीच नव्हते. मेलेल्या माणसाला मी दुसऱ्यांदा मारलं, आणि तुझी पोर तो डाग ऐकत मोठी झाली असणार.

हे सगळं मी बाईंना सांगितलं आणि म्हटलं, लिहून देतो. त्यांनी पेनचं टोपण लावलं. "आजोबा, नीट ऐका. हे लिहून दिलंत तर तुमचा जामीन राहत नाही. खोटी साक्ष दिलेल्या माणसाच्या भरवशावर मी कुणाला ठेवू शकत नाही. दुसरी सोय झाली नाही तर तो परत आत जाईल. तुमच्यावरही खटला होऊ शकतो. घरी जा, त्याच्याशी बोला, मग या."

घरी येऊन त्याला सांगितलं. तो बॉबिनवर दोरा भरत होता, पाय थांबला नाही. म्हणाला, "लिहा."

"अरे, परत आत टाकतील."

"टाकतील."

"माझ्या म्हातारपणाचं काय?"

"ते तुमचं तुम्ही बघा, बाबा. आत मला चौदा वर्षं लोक म्हणत होते, बहिणीसाठी केलंस, मर्द आहेस. मला जास्तीचं जेवण वाढायचे. मी गप्प बसून खायचो." मग चाकावर हात ठेवून मशीन थांबवलं. "लिहा. तुम्हाला जमत नसेल तर मी सांगतो, तुम्ही सही करा."

मला जमलं. काल दिलं. दीड पान झालं. मी चौथीपर्यंत शिकलेला, पुढचं मशीनच्या माहितीपुस्तकांवरून शिकलो, पण एकाही शब्दाला अडलो नाही.

मागे तुझ्याकडे दोन शब्द मागितले होते. ते मागणं मी परत घेतो. तुला कागद येईल तेव्हा जे खरं वाटतं ते लिही, किंवा कोराच परत पाठव. या वेळी मी चहा सांगायला जात नाही. इथेच बसलो आहे.

बाबा


१८ जून, रविवार

ठमे,

समिती बसली. मला वाटलं होतं उंच टेबल असेल, तर साधी खोली होती, खिडकीत कुणीतरी टांगलेली ओली छत्री. तिघे होते. माझं दीड पान मोठ्याने वाचलं. तो पूर्ण वेळ उभा होता. बसा म्हणाले तरी बसला नाही.

मग तुझा कागद वाचला. बाईंनीच वाचला, तुझ्या शब्दांत: "तो आत राहावा की बाहेर, हे माझ्यावर टाकू नका. चौदा वर्षं पुष्कळ गोष्टी माझ्यावर टाकल्या गेल्या. माझ्या नवऱ्यावरचा आरोप खोटा होता असं लिहिलेला कागद शिक्क्यानिशी मला द्या, माझ्या मुलीला दाखवायचा आहे."

कागद तुला मिळाला, असं बाई म्हणाल्या.

त्याला आत पाठवलं नाही. तो खरं बोलला, हे त्याच्या बाजूने पडलं. पण माझा जामीन रद्द झाला. आता तो शहराच्या दुसऱ्या टोकाला देखरेखीच्या वसतिगृहात राहतो. एका खोलीत चौघे, दारावर नोंदवही. गाद्या शिवायच्या कारखान्यात काम मिळालं आहे. मंगळवारी हजेरीला येतो तेव्हा कार्यालयाच्या बाकावर आम्ही अर्धा तास बसतो. बोलणं फारसं होत नाही. गेल्या मंगळवारी जाताना तो दाराशी आला आणि न थांबता बाहेर गेला. माझ्या ओठावर 'जा' आला होता, तो तसाच राहिला.

माझ्यावर खटला होणार की नाही, ते कळायचं आहे. होऊ दे.

घर शांत आहे. स्क्रू पडला की एकटाच शोधतो.

मशीनचं काय करू, हे विचारणार होतो, पण नाही विचारत. ते माळ्यावर नाही, दारामागे नाही, दुकानात मधोमध ठेवलं आहे. कुणालाही देईन म्हटलेलं नाही.

तुझ्या कागदासोबत बाईंनी मला एक घडी दिली, वहीचं फाडलेलं अर्धं पान, पेन्सिलने लिहिलेलं. "माझे बाबा कसे होते? खरं लिहा." खाली नाव नव्हतं, लागलंही नाही. म्हणून आणखी एक पान यात आहे. आधी तू वाच. द्यायचं की नाही, ते तू ठरव.

बाबा


(सोबतचं पान)

पोरी,

तू विचारलंस तेवढंच लिहितो.

तुझे बाबा औषधांच्या दुकानात कामाला होते. बाटलीवरची चिठ्ठी म्हाताऱ्यांना तीन-तीनदा वाचून दाखवायचे, त्यामुळे मालकाची बोलणी खायचे. शिट्टी वाजवत यायचे. सूर एकही धड लागायचा नाही, पण लांबूनच कळायचं की आले. आमच्या दुकानाच्या उंबरठ्याला दर वेळी ठेचकाळायचे आणि त्या उंबरठ्यालाच "माफ करा" म्हणायचे. मी एकदा म्हटलं, "जावईबापू, तो काही रागावत नाही." तर म्हणाले, "तुम्हाला काय माहीत? रोज त्याच्यावर पाय मीच देतो."

तुझ्या आईवर त्यांनी कधी हात उगारला नाही. मी उलट सांगितलं होतं. ते खोटं होतं आणि ते माझं होतं, त्यांचं नाही.

ते शेवटचे आले तो दिवस मी कुणाला पुरता सांगितलेला नाही. ते मशीन न्यायला आले होते, कारण तुझी आई तुझी झबली हाताने शिवायची आणि तिची बोटं दुखायची. येताना तुझं माप घेऊन आले होते, मशीनवरचं पहिलं झबलं माझ्याकडून बेतून न्यायचं म्हणून. मापाची फीत घरात नव्हती, म्हणून त्यांनी तुला चटईवर निजवून दोऱ्याने मोजलं होतं. तू पाय झाडत होतीस, तीनदा मोजावं लागलं, हे सांगताना इतके हसले की दोरा हातातून पडला.

तो दोरा मी उचलून टेबलाच्या खालच्या खणात टाकला. नंतर त्या खणाला कुलूप लावलं आणि किल्ली हरवली असं सगळ्यांना सांगितलं. बायकोला मारणारा माणूस असा दोरा घेऊन येत नाही, हे तो दोरा पाहणाऱ्या कुणालाही कळलं असतं, म्हणून. किल्ली माझ्या चष्म्याच्या डबीत होती.

परवा बाईंच्या समोर खण उघडला. दोरा त्यांना दाखवला आणि विचारलं, हा पाठवला तर चालेल का, कुठली अट मोडते का. त्यांनी तो तळहातावर घेतला, बराच वेळ पाहिला आणि स्वतःच पाकिटात घातला.

पांढरा होता, आता पिवळा पडला आहे. दोन गाठी आहेत, एक खांद्याची, एक टाचेची. दोन्ही तुझ्या बाबांनी मारलेल्या, मी सोडलेल्या नाहीत. मधली लांबी तू आहेस, आठ महिन्यांची.

ताणून पाहू नकोस. जुना दोरा आहे.

तुझ्या आईचे बाबा